दोष एकट्या कोयोटीचा नाही

माननीय संपादक महोदय,

अमेरिकेत रानटर्की (कोंबडीसारखे मोठे रानपक्षी) कमी दिसू लागल्या की दोष प्रथम कोयोटीच्या, म्हणजे तेथील कोल्ह्यासारख्या रानकुत्र्याच्या, माथी मारला जातो. कोयोटी, बॉबकॅट (एक रानमांजर) आणि मोठी घुबडे प्रौढ टर्की मारतात, हे खरेच आहे. परंतु या पक्ष्याची मोठी हानी त्याआधी, जमिनीवरच्या घरट्यातच होते. मादी साधारण दहा-बारा अंडी घालून ती सुमारे 28 दिवस उबवते आणि त्या काळात रॅकून, स्कंक, ओपॉसम असे छोटे सस्तन प्राणी, साप व कावळे ती फस्त करतात. पुष्कळदा मादीही याच दिवसांत बळी पडते. पिल्ले पहिले दोनएक आठवडे रात्री झाडावर बसू शकत नाहीत, ती आईच्या पंखांखाली जमिनीवरच असतात, आणि तेथे दाट गवताचा आडोसा नसेल तर त्यांचा निभाव लागणे कठीण. बेसुमार शिकार व जंगलतोडीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष होत आलेला हा पक्षी, जाळ्यांनी पकडून नव्या रानांत सोडण्याच्या मोहिमेमुळे पुन्हा पसरला, तोही कोयोटी पूर्वेकडे पसरत असतानाच. म्हणून कोयोटी मारण्यावर बक्षिसे लावण्याऐवजी गवताळ पट्टे राखावेत आणि विणीच्या हंगामात कुरणांची कापणी पुढे ढकलावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, मिसुरी (अमेरिका)