डोक्यातल्या नळीची माहिती मराठीत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्यांना नागपूरला हलवलं. मेंदूतलं पाणी तुंबल्याने डॉक्टरांनी डोक्यात बारीक नळी घालून ते बाहेर पिशवीत काढलं. या नळीला ‘ईव्हीडी’ म्हणतात, हे तिथेच पहिल्यांदा ऐकलं. हे पाणी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास तयार होतं, हेही.

रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर. कुशीवर वळवणं, भरवणं नातेवाइकांकडेच. बाबांना खोकला आला म्हणून मी खाटेचा दांडा फिरवून डोक्याची बाजू उचलली. पिशवी होती तिथेच राहिली आणि पाणी भराभर उतरू लागलं. सिस्टर धावत आल्या, कॉक बंद केला, स्टँडवरची शून्याची खूण पुन्हा कानाच्या छिद्राशी जुळवली. “दादा, डोकं वर गेलं की पाणी जास्त निघतं, आत रक्तस्राव होऊ शकतो. हलवायच्या आधी हाक मारा.” हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी अंगारा घेऊन आली आणि थेट पट्टीपाशी बोट नेलं. सिस्टरनी हात धरला. “देवाचा हाय नं बाप्पा!” मावशी रुसली. पण नळी थेट मेंदूत गेलेली, तिच्या वाटेने जंतू शिरले तर मेंदूज्वर. म्हणून सिस्टर दर वेळी हात धुऊनच नळीला हात लावत, जोड विनाकारण उघडत नसत. पट्टी ओली दिसली, पाणी गढूळ झालं, ताप चढला की लगेच सांगा, असं त्यांनी आम्हाला बजावलं. पिशवी जमिनीला टेकवायची नाही, हेसुद्धा.

चूक सिस्टरची नाही. त्या एकट्या कुठे कुठे पुरणार? ही चार वाक्यं मराठीत, चित्रासह, खाटेशेजारी लावायला कितीसा खर्च येतो? वैद्यकीय शिक्षण विभागाने एवढं करावं.

आता बाबांना शंट, म्हणजे हे पाणी डोक्यातून पोटात नेणारी आतली नळी, बसवलाय. पहिल्या काही महिन्यांत त्याला संसर्गाचा धोका जास्त. ताप, उलट्या, गुंगी, नळीच्या मार्गावर लाली दिसली तर तापाच्या गोळीवर न थांबता नागपूर गाठायचं. हे सुट्टीच्या कार्डावर लिहिलं होतं, पण इंग्रजीत. मी ते गावातल्या मेडिकलवाल्याकडून वाचून घेतलं.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ