माळ्यावरची विमानं कुणाला द्यायची

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

विश्रामबागच्या फ्लॅटचा ताबा दिवाळीआधी मिळतोय हे ऐकून हायसं वाटलं. गावभागातलं घर सोडणं जड जाणारच. पण २००५ ला कृष्णेचं पाणी आत आलं, २०१९ ला आलं, आणि दर ऑगस्टला आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट झाली हे विचारत जागायचं तुमचं वय राहिलं नाही. तेव्हा घराचा प्रश्न मिटला. राहिला माळ्यावरच्या बाबांच्या मॉडेल विमानांचा आणि इंजिनांचा, आणि तो फोनवर काही सुटत नाही. बाबा म्हणतात, "भंगारवाल्याला बोलाव, मोकळं कर." आई म्हणते, "मी किती वर्षं हेच सांगतेय." दोघंही जे बोलताय ते तुमच्या मनात नाही, एवढं मला इथे बसूनही कळतं. म्हणून लिहायला घेतलं.

बाबा, आधी तुमच्याशी. भंगारवाला ती इंजिनं ॲल्युमिनियमच्या भावाने तोलणार. किर्लोस्करवाडीच्या मशिन शॉपमध्ये नोकरी काढलेल्या आणि पिस्टन-लायनरचं फिटिंग बोटाने ओळखणाऱ्या माणसाने हे चालवून घ्यायचं? मला पटत नाही. आणि मध्यंतरी तो जो कुणी येऊन "सगळ्याचा मिळून एक आकडा सांगा" म्हणून गेला, त्यालाही नको. तो खोक्यातली जपानी इंजिनं उचलेल. बाल्साचं हलकं लाकूड, ड्रॉइंगं, विमान जुळवायचे जिग, तारांची ओढ शेपटीपर्यंत पोचवणारे बेलक्रँक, सगळं घंटागाडीत जाईल. तुमच्या संग्रहात पाच-सहा तऱ्हेच्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीची गरज असलेलं माणूस वेगळं आहे.

माझं म्हणणं असं, की ज्याला वस्तू द्यायची त्याने स्वतः घरी यावं, तुमच्यासमोर बसावं, तुम्ही ती चालवून दाखवावी आणि मगच त्याने न्यावी. आणि हे तुमच्या हाताने, तुम्ही धडधाकट असताना व्हावं. मी आणि दादा नंतर केव्हातरी माळा उघडू, तेव्हा कुठल्या इंजिनाची इंधन सोडणारी नीडल किती फेरे उघडायची हे आम्हाला कोण सांगणार? लिहायला कठीण वाटतंय, पण आडवळणाने बोलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत.

इंजिनांचे दोन ढीग करा, ग्लो आणि डिझेल. तुम्हाला हे सांगायला नको, पण घेणाऱ्याला सांगावं लागेल. आजची पोरं ब्रशलेस मोटर आणि बॅटरीवर वाढलीत. ग्लोला मिथेनॉल आणि तेल लागतं, आणि प्लगची प्लॅटिनमची तार दीड व्होल्टचा सेल काढल्यावरही मिथेनॉलमुळे लाल राहते. डिझेलला तर प्लगच नसतो. ईथर, केरोसीन आणि एरंडेल नुसत्या दाबाने पेटतं. हे त्यांच्यातल्या कित्येकांनी ऐकलेलंही नसेल. एकाचं इंधन दुसऱ्यात घालून बसतील आणि म्हणतील, जुना माल, चालत नाही. म्हणून प्रत्येक इंजिनाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा. त्या अडीच सीसीच्या डिझेलची चिठ्ठी तर मीच लिहू शकते, इतक्यांदा ऐकलंय: प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, नऊ बाय चार, सुरू करताना वरचा दाबाचा स्क्रू आवळलेला, इंजिन तापलं की आवाज ऐकत ऐकत पाव फेरा सोडायचा. 'आवाज ऐकत' हे काही चिठ्ठीवर लिहून भागत नाही. तेवढ्यासाठी तरी माणसाने यायलाच हवं.

जी जाम झालीत ती वाया गेलेली नाहीत. आत एरंडेल सुकून त्याचं वॉर्निश झालंय, एवढंच. पकडीने दांडा पिळायला जाऊ नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लास्टिक-रबराचे भाग काढून गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर तास-दोन तास ठेवली की तो चिकटा सुटतो. मग धुऊन, लगेच वाळवून तेल सोडायचं. मात्र कूलंट विषारी असतं. भांडं भंगारातलं घ्यायचं आणि ते परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. शेगडी अंगणात लावा. आईच्या कुकरवर तुमचा डोळा असेल तर आत्ताच सांगते, नाही.

खोक्यासकट आणि कागदासकट असलेली ओएस आणि एन्या ही जपानी इंजिनं विकायची, आणि योग्य किमतीला विकायची. ओएस ही ओसाकाची कंपनी, १९३६ पासूनची. तिची जुनी इंजिनं गोळा करणारे जगभर आहेत. त्यांना इंजिन उडवायचं नसतं, कपाटात ठेवायचं असतं. त्यांच्याशी मैत्री नको, व्यवहार करू. भाव मी बघते. कोलकात्याचं ऑरोरा मात्र मला कपाटात गेलेलं आवडणार नाही. परदेशी माल डोळ्यांनी बघायला मिळत नव्हता त्या दिवसांत आपल्याकडच्या पोरांना विमान उडवायला मिळालं ते अशा इंजिनांमुळे. ते एनसीसीकडे जावं. एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग असतंच, आणि कंट्रोल लाइनची, म्हणजे तारांनी धरून स्वतःभोवती गोल उडवायची, तुमची विमानं, हँडल, गुंडाळलेल्या तारा, सगळं तिथे एका जागी वापरात येईल. शिकवणारे जे कुणी सर असतील त्यांना भेटून, एकदा मैदानावर चक्कर येईपर्यंत गोल फिरून मग द्या. विजेच्या तारांपासून लांब मैदान निवडायचं, हेही तुम्हीच बजावून सांगा. लोखंडी तारा हातात धरून उडवायचं विमान आहे ते, मुलांना त्यातला धोका सुचत नाही.

विमानं चालवायच्या रेडिओंचं काय करायचं यावर मी बराच विचार केला. ७२ मेगाहर्ट्झचे ते सेट आता कुणी उडवायला घेणार नाही. आता सगळं २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरला ओळखतो, दहा जण एकदम उडवतात. कवलापूरच्या माळावर तुम्ही फळीला नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे लावायचात, आणि ज्याच्याकडे चिमटा त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा, नाहीतर एकाच चॅनलवर दोघं आले की एकाचं विमान ज्वारीत गेलंच. हे मी माझ्या धाकटीला सांगितलं तर तिला खोटं वाटलं. ते चिमटे आणि ती फळी फेकू नका. रेडिओंसोबत कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबला देऊ. सर्किट उघडून बघायला असे सेट आता मिळत नाहीत. त्याआधी आतले निकेल-कॅडमियमचे सेल काढायचे. पांढरी भुकटी सुटलेली दिसली तर उघड्या हाताने नाही. कॅडमियम विषारी आहे, ते घंटागाडीत नको, ई-कचऱ्यातच.

आई, आता तुझ्या हद्दीतलं. न्हाणीघरामागच्या फडताळातल्या बाटल्या. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांत येतं तेच. कामवाल्या मावशींना "स्पिरिट आहे, काचा पुसायला घ्या" म्हणून देऊ नकोस. आणि ती तपकिरी बाटली, ईथरची, तिला तर हातच लावू नकोस. झाकण फिरवायचं नाही, हलवायची नाही, गटारात ओतायची नाही. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात आणि झाकणापाशी स्फटिक धरले असतील तर नुसत्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून ती रीतसर कशी घालवायची ते मी बघते. डोपचे, म्हणजे पंखांवरच्या आवरणाला लावायच्या लॅकरचे, डबेही शेगडीपासून लांब. त्या वासावरून तू बाबांना जे बोलायचीस ते आठवून मला इथे हसू येतंय. पण खरं सांगू, मला तो वास आवडायचा.

तुझ्या नऊवारीच्या शिवलेल्या त्या पंखांच्या लांब पिशव्या, निळ्या काठाच्या. त्या पंखांबरोबर द्यायच्या की ठेवायच्या, हे बाबांनी ठरवायचं नाही, तू ठरव. माझं मत विचारशील तर दे. पंखाला ओरखडा न पडता तो जिथे जायचा तिथे पोचेल.

बाल्साचं माझ्या डोक्यात पक्कं आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांची एरो डिझाइनची एक टीम आहे, मी त्यांच्याशी बोललेय. इक्वाडोरहून आलेलं ते लाकूड आज त्यांना परवडत नाही, आणि तुमच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले गठ्ठे पडलेत. पण बाबा, नुसते देऊ नका. शीट उजेडात धरून ओळखायला शिकवा: चकाकत्या ठिपक्यांची, वाकायला नाही म्हणणारी ती सी-ग्रेन, रिबांना म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांना, सरळ रेषांची, लवणारी ती ए-ग्रेन, पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळायला. ती मुलं रिबा लेझरने कापतात. दोन प्लायच्या साच्यांमध्ये बाल्साचे तुकडे दाबून सगळ्या रिबा एकदम घासायच्या, ही तुमची पद्धत दाखवलीत तर तोंडात बोटं घालतील. आणि त्यांचं विमान जड झालंय. मी फोटो बघितला, मलाही कळलं. गोंद बघून तुम्ही काय बोलाल ते मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

बारीक कानशी, छोटे क्लॅम्प आणि ती पातळ करवत यांतलं जास्तीचं मिरजेला सतारमेकर गल्लीत विचारून बघा. तिथल्या हातांना अशी अवजारं कळतात. ड्रॉइंगं मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घेऊ. तुम्ही स्वतः काढलेली कुणालाही देता येतील, मासिकांतली आपल्याजवळच राहतील.

एचटी-२ चं मॉडेल आपल्या जुन्या शाळेला द्यावं असं मला वाटतं. डॉ. वि. मा. घाटगे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेला आपला मराठी माणूस, त्यांनी बंगळुरूला हे विमान आखलं आणि ते १९५१ मध्ये उडालं. भारतात आखलेलं पहिलं प्रशिक्षण विमान. आमच्या वर्गात हे एकालाही माहीत नव्हतं, आणि आमच्याच माळ्यावर ते टांगलेलं होतं. खाली एक पाटी हवी, नाव, साल आणि घाटग्यांबद्दल दोन ओळी. तुमचंही नाव पाटीवर हवं. इथे तुमचा संकोच चालणार नाही.

जे उडवायला नेतील त्यांना नियमाचंही सांगा. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेच्या आणि शिकण्याच्या विमानांसाठी 'मॉडेल' असा वेगळा वर्ग आहे, २५ किलोपर्यंतचा, आणि विमान नजरेच्या टप्प्यातच हवं. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी आहे का बघायचं आणि ४०० फुटांच्या खाली राहायचं. "आमच्या वेळी कुणाला विचारायचं नव्हतं" हे भाषण झाल्यावर मग हे सांगा.

पैशांचं एकदाच बोलते. विद्यार्थ्यांकडून घेऊ नका, पण अट घाला, की विमान बांधून उडवल्यावर तुम्हाला न्यायला यायचं. फुकट मिळालेलं माळ्यावर पडतं; आपला माळा बघा.

आणि सगळं द्यायचं नाहीये. नव्या फ्लॅटची मागची बाल्कनी मी बघितलीय, तिथे चार फुटांचं टेबल बसतं. सुरी, टाचण्या, सँडिंग ब्लॉक आणि थोडं बाल्सा तिथे राहील. आई, यावर वाद घालू नकोस. हे माणूस दिवसभर टीव्हीसमोर बसलेलं तुला जास्त त्रास देईल. दादाला काय हवं ते तो सांगेल. मला मात्र ओएस वगैरे नको. डाव्या पंखाला चिकटवाचिकटव केलेला तो ग्लायडर मी नेणार, तो कुणालाही कबूल करू नका.

पुढच्या शनिवारी कोयना एक्सप्रेसने येतेय. तोवर शिडीवर कुणी चढायचं नाही, खाली आहे तेवढ्यालाच चिठ्ठ्या बांधा. दोरा आणि पुठ्ठ्याची लेबलं मी आणते, इपॉक्सीही आणते. एचटी-२ चा प्रॉप मागेच सैल झाला होता. आई, भडंग करून ठेव, पण तिखट कमी घाल, मुलींना झेपत नाही.

तुमची,
लेक