विषय: ला गोमेरा बेटावरील पदभ्रमण सहलीची सदोष आखणी व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग,
दादर शाखा, मुंबई

महोदय,

आपल्यामार्फत स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा येथे गेलेल्या आमच्या गटाची ही तक्रार आहे. हॉटेले स्वच्छ होती, चालक वक्तशीर होते. त्याबद्दल काही म्हणणे नाही. आक्षेप आखणीला आहे. ती नकाशावरचे आकडे वाचून केलेली दिसते.

आपल्या पत्रकात गाराहोनाय शिखर ‘१४८७ मीटर, कळसूबाईपेक्षा कमी, म्हणून सोपे’ असे छापले आहे. कळसूबाई १६४६ मीटर हे खरे, पण तिथला चढ बारी गावातून सुरू होतो आणि ते गावच काही शे मीटर उंचीवर आहे. इथे आपण पहिले पाऊल सान सेबास्तियानच्या बंदरातून, म्हणजे समुद्रसपाटीवरून टाकायला लावले आणि त्याच दिवशी पलीकडच्या वाये ग्रान रेच्या किनाऱ्यावर उतरायचे ठरवले. जवळपास १५०० मीटर चढ, तेवढाच उतार, शिवाय वाटेत कमावलेली उंची घालवून ती पुन्हा चढणे. दक्षिणेकडच्या कोरड्या उतारांवर पाण्याची सोय नसते, माणशी किमान तीन लिटर पाणी लागते. आपण अर्ध्या लिटरची एकेक बाटली दिलीत. उतारावरचा घसारा गुडघ्यांची परीक्षा घेतो, आणि काठ्यांचा आपल्या सामानयादीत उल्लेखच नव्हता. निम्मा गट शेवटी टॅक्सीने खाली आला, तेही स्वखर्चाने. वाटेतल्या चिपुदे गावी मुक्काम ठेवून हाच मार्ग दोन दिवसांत विभागता आला असता. नाहीतर बसने पाहारितोच्या नाक्यापर्यंत गेले की तेथून शिखर तासाभराच्या आत गाठता येते.

त्याच यादीत ‘उबदार बेट, टोपी आणि सनस्क्रीन पुरेसे’ असेही आहे. किनाऱ्यापुरते ते ठीक. पण ईशान्येचे व्यापारी वारे ढग आणून माथ्यावरच्या लॉरेल जंगलात अडकवतात. १९८६ पासून जागतिक वारशात असलेले हे जंगल जगते ते त्याच धुक्यावर. पाऊस नसतानाही झाडे ठिबकत असतात आणि जुन्या फरसबंद वाटा शेवाळून निसरड्या होतात. विंडचीटर आणि पकडीचे बूट ही तिथली पहिली गरज आहे.

‘जिवंत ज्वालामुखीचे दर्शन’ हे तर धडधडीत खोटे. ला गोमेरावर सुमारे वीस लाख वर्षांत उद्रेक झालेला नाही. २०२१ चा उद्रेक शेजारच्या ला पाल्मा बेटावरचा. गोमेरावर खरोखर पाहण्याजोगे म्हणजे रोके दे आगांदोसारखे सुळके: ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला खडक, ज्याच्या भोवतीचा भाग झिजून गेला आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ते दाखवले असते तर आनंदच झाला असता. बस तिथे थांबलीच नाही.

प्रवासाचे गणितही चुकले. गोमेराची बोट शेजारच्या तेनेरिफे बेटाच्या दक्षिण टोकाहून, लोस क्रिस्तियानोसहून सुटते. आपण माद्रिदहून तिकीट काढलेत ते तेनेरिफेच्या उत्तर विमानतळाचे. तिथून गोमेराला छोटे विमान जाते, तेही घेतले नाहीत. शेवटची बोट गेली आणि एका रात्रीचे हॉटेल आमच्या माथी आले. बेटावर ‘२५ किलोमीटर, अर्धा तास’ हा हिशेबही सरळ रेषेतला. मधल्या उंचवट्यापासून चहूकडे खोल दऱ्या उतरतात, रस्ता प्रत्येक दरीला वळसा घालतो आणि सव्वा-दीड तास घेतो.

या दऱ्यांमुळेच तिथे सिल्बो टिकली. स्पॅनिश बोलणे शिट्टीत उतरवणारी ही भाषा १९९९ पासून बेटावरच्या शाळांत सक्तीने शिकवली जाते. २००९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारसा मानले. स्पॅनिशच्या पाच स्वरांचे काम दोन शिट्ट्या करतात, व्यंजनांचे चार; बाकीचा अर्थ संदर्भावरून लावायचा. ती ऐकायची तर एक जण दरीच्या या काठाला आणि दुसरा त्या काठाला हवा. आपण ‘गावकऱ्यांसोबत कार्यशाळा’ म्हणून वेगळे शुल्क घेतलेत आणि उपाहारगृहात जेवणाच्या गोंगाटात पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक उरकलेत. शाकाहारींना त्याच जेवणात वाढलेल्या बेरोस या पालेभाजीच्या सूपमध्ये डुकराचे मांस होते. मोहो या तिथल्या चटणीबरोबरचे उकडलेले बटाटे तिथे कुठेही मिळतात, आधी सांगून ठेवायला हवे होते.

कार्यशाळेचे पूर्ण शुल्क, चुकलेल्या बोटीमुळे झालेला हॉटेलखर्च आणि टॅक्सीभाडे १५ दिवसांत परत करावे. पावत्या सोबत जोडल्या आहेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मुंबईच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू. तक्रारदार राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा हा कायदा देतो, त्यामुळे करारातले ‘न्यायक्षेत्र दिल्ली’ हे कलम आम्हाला दाखवू नये. आणि पत्रकावरचा तो लाव्हाचा फोटो तेवढा काढून टाकावा.

आपले,
सहलीतील सर्व सहप्रवासी
मुंबई