गर्दी सोसते, अचानकपणा सोसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गर्दीच्या प्रवासाबद्दल आपल्या पत्रांच्या सदरात नेहमी काही ना काही येतं. त्यात माझ्या बाजूची थोडी भर घालते. मी ऑटिस्टिक आहे आणि कामाला रोज बस नि ट्रेनने जाते. निदान झालं तेव्हा मी २९ वर्षांची होते. मराठीत आम्हाला ‘स्वमग्न’ म्हणतात. खच्चून भरलेल्या डब्यात स्वतःत मग्न होता आलं असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती! माझं होतं उलटंच : बाहेरचं सगळं एकदम आत घुसतं. ब्रेकची किंचाळी, शेजारच्याच्या फोनवरचा व्हिडिओ, कुणाचा तरी सेंट, लुकलुकणारी ट्यूब. बाकीच्यांना थोड्या वेळाने यातलं बरंचसं जाणवेनासं होतं. मला शेवटच्या स्टेशनापर्यंत जाणवत राहतं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीत संवेदनांचा हा त्रास ऑटिझमच्या निकषांमध्ये घेतला गेला. माझ्या लहानपणी त्याला ‘नखरे’ म्हणत.

गंमत म्हणजे चेंगरून उभं राहणं मला तितकंसं जड जात नाही. चारी बाजूंनी घट्ट दाब असला तर उलट बरं वाटतं. पण कुणाच्या बॅगेचा लोंबता पट्टा दर धक्क्याला दंडावर घासत राहिला, की दोन स्टेशनांत रडू येतं. टेम्पल ग्रँडिन या ऑटिस्टिक शास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी स्वतःला दाबून धरणारं यंत्रच बनवलं होतं. मी दाराजवळच्या कोपऱ्यात पत्र्याला पाठ दाबून उभी राहते. कानावर हेडफोन असतात. त्यांनी इंजिनाची घरघर जाते, पण अचानक वाजलेला हॉर्न किंवा रडणारं मूल जात नाही. आणि घोषणा चुकू नये म्हणून एक कान मोकळा ठेवावाच लागतो.

खरी भीती त्या घोषणेचीच, म्हणजे ती न होण्याची. सात स्टेशनं मी निभावून नेते, कारण सात हा आकडा मला माहीत असतो. गाडी मध्येच थांबली आणि कुणी काहीच बोललं नाही, की तो आकडा हातातून जातो. लोक चडफडतात नि पुन्हा फोनमध्ये डोकं घालतात. माझ्या तळहाताला घाम सुटतो.

मागे एकदा ऐनवेळी फलाट बदलला. धावपळीत मला पुढे पाऊल टाकता येईना, बोलताही येईना. जिन्याच्या पायरीवर कान दाबून बसले. चार भली माणसं भोवती जमली. एका काकूंनी खांदा हलवून विचारलं, ‘काय होतंय? पाणी हवं का? नाव काय तुझं?’ मनात माया होती हो, पण त्या क्षणी प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज. शेवटी एक कर्मचारी आला, हात न लावता म्हणाला, ‘पुढची गाडी याच फलाटावर, १२ मिनिटांनी,’ आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. बाराव्या मिनिटाला मी गाडीत चढले.

न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी सूर्यफुलांची चित्रं असलेली, गळ्यात घालायची हिरवी फीत २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आता ती अनेक देशांत दिसते. माझ्याकडेही आहे, पण क्वचितच घालते. घातली की ‘दिसत तर नाही तसं’ ऐकावं लागतं, आणि समजावून सांगण्याइतकी ताकद त्या वेळी उरलेली नसते.

म्हणून माझं मागणं गाड्या चालवणाऱ्यांकडे आहे. थांबलात तर का आणि किती वेळ, ते सांगा. माहीत नसेल तर ‘कारण कळलेलं नाही, पाच मिनिटांनी पुन्हा सांगतो’ एवढंही चालेल. मात्र मग पाचव्या मिनिटाला खरंच बोला, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये.)