फासे जप्त झाले, खरा प्रश्न राहूनच गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलाच्या दप्तरातले सात फासे गेल्या महिन्यात शाळेनं जप्त केले. डायरीत शेरा आला, ‘जुगाराचे साहित्य सापडले.’ मुलगा नववीत आहे. फासे म्हटलं की द्यूत आठवणारच, त्यामुळे शिक्षकांवर माझा राग नाही. पण या खेळात पैसा कुठंच नसतो. चार-पाच पोरं गोल बसून एक गोष्ट रचतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्या पात्राला एखादी अवघड गोष्ट जमली की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बऱ्यावाईटाचा प्रश्न या खेळात आहे आणि तो मोठा आहे, फक्त तो फाशांत नाही. म्हणून हे पत्र.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. त्यात पात्राच्या कागदावर ‘अलाइनमेंट’ लिहायची असते. म्हणजे हा नियमानं चालणारा की मनाला येईल तसं वागणारा, सज्जन की दुष्ट. एका पात्रापुरतं ते ठीक. पण वर्षानुवर्षं या खेळाच्या नियमांच्या पुस्तकांत राक्षसांसारख्या अख्ख्या काल्पनिक जमातींपुढे ‘दुष्ट’ असा शिक्का असायचा. ऑर्क दुष्ट, गॉब्लिन दुष्ट. मग मारताना कुणी विचार कशाला करील?

दर रविवारी आमच्या सोप्यात सतरंजीवर हा खेळ रंगतो. गोष्ट चालवते माझी थोरली, ती कॉलेजात आहे. एकदा मी भडंग घेऊन गेले, तेव्हा पोरांना गोष्टीतल्या एका कोठारात पाय मोडलेला ऑर्क सापडला होता. “ऑर्कच हाय की त्यो, मारायचाच!” म्हणत एकानं फासा उचललासुद्धा. मुलीनं अडवलं नाही. एवढंच म्हणाली, “मार. पण त्यानं काय केलंय ते आधी सांग.”

“पुस्तकात लिहिलंय ताई, ते वाईटच असतात.”

“ह्यानं काय केलंय?”

कुणालाच सांगता येईना. फासा बराच वेळ त्या पोराच्या मुठीतच राहिला. शेवटी ऑर्कला बांधून ठेवायचं ठरलं.

मी परात हातात धरून उभीच राहिले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या माणसांना चौकीवर हजेरी द्यावी लागायची. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी हजेरी बंद केली, फासेपारध्यांना राखणीची कामं दिली. दसरा चौकातून जाताना ही पोरं महाराजांच्या पुतळ्याला हात जोडतात. त्याच पोरांना ‘पुस्तकात लिहिलंय’ एवढं कारण पुरेसं वाटलं, ते मला फार लागलं.

खेळ काढणाऱ्या कंपनीनंही २०२० मध्ये जाहीर केलं, की यापुढे ऑर्कही इतर समाजांसारखेच बरेवाईट दाखवू. यानं खेळातली मजा जाईल असं काहींना वाटलं. मला ते पटत नाही. त्या दुपारी कोठारात जशी रंगत आली, तशी मी आधीच्या कुठल्याच मारामारीत पाहिली नव्हती.

आणखी एक सांगायलाच हवं. सतरंजीच्या मधोमध जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मोठी फुली मारून ठेवलेली असते. एखादा प्रसंग ज्याला नको वाटेल त्यानं तिच्यावर बोट ठेवायचं. प्रसंग तिथंच थांबतो, कारण कुणी विचारायचं नाही. ही पद्धत हा खेळ खेळणाऱ्यांत आता बरीच रुळली आहे. एकदा गोष्टीत नदीला पूर आला, पाणी माडीपर्यंत चढलं आणि एका मुलीनं पटकन फुलीवर बोट ठेवलं. २०१९ च्या महापुरात तिचं घर पाण्यात होतं. माझ्या मुलीनं एका वाक्यात सगळ्यांना डोंगरावर नेलं. माझ्या मुलानं काही न बोलता भडंगाची वाटी तिच्याकडे सरकवली.

सगळेच गट असे नसतात. “माझं पात्रच तसलं हाय” असं म्हणून शेजारच्याला रडवणारी पोरंही असतात, विशेषतः जवळ मोठं कुणी नसलं की. म्हणून आईवडिलांना सांगणं आहे, फासे लपवू नका, एकदा पोरांशेजारी बसा. आणि शाळेला विनंती, फासे परत द्यावेत. वर्गशिक्षकांनी कुठल्याही रविवारी चार वाजता आमच्याकडे यावं. ऑर्क अजून कोठारात बांधलेलाच आहे, त्याचं पुढं काय करायचं यावर पोरांचं एकमत झालेलं नाही.

आपली,
एक पालक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर