बोटीला हात लागला तर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

डायलिसिसच्या यंत्रासाठी पैसे गोळा करून तू धरमतरहून मुंबईच्या गेटवेपर्यंत पोहत जाणार, हे फोनवर तू सांगितलंस तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल बाबा रागावले. राग नव्हता गं, शब्दच फुटेना. म्हणून लिहितोय.

धरमतर ते गेटवे, 36 किलोमीटर. निघायला वद्य चतुर्थीची रात्र धरलीत ते बरोबर केलंत. आजोबांचं गणित आठवतं ना? तिथीची पाऊणपट केली की पुरी भरती किती वाजता ते कळतं. चारची पाऊणपट तीन. धरमतर खाडीच्या पोटात, तिथे आणखी थोडा उशीर. मग ओहोटीची सुकती लागली की अंबा नदीचं पाणीच तुला रेवस-करंजाच्या तोंडापर्यंत आणील. चंद्र वर असेल, मतलई वारा असेल. त्या पट्ट्याची मला काळजी नाही.

काळजी पुढची. द्रोणागिरीचा डोंगर उजव्या हाताला मागे पडला की डावीकडे उघडा समुद्र. नऊच्या पुढे पाणी फिरेल. भरती तुला बंदरात, घारापुरीच्या अंगाला रेटू बघेल आणि तुला जायचंय डावीकडे. मोठ्या जहाजांची वाट तिथेच आडवी येते. दुपारी खारा वारा उठला की डाव्या गालावर लाटा बसायला लागतात. गेटवे समोर दिसत राहतं आणि जवळ काही येत नाही. त्यात झार, म्हणजे ती जेलीफिश, अंगाला लागली तर आग आग होते. एवढं सगळं तू सोसशील, मला ठाऊक आहे. लहानपणी जेट्टीवरून तुला मीच पाण्यात सोडली होती.

भीती वाटते ती गोळा झालेल्या पैशांची.

काकूचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. चार तास यंत्रावर, त्याआधी आणि नंतर एसटीचा प्रवास. परतताना ती खिडकीला डोकं टेकून बसलेली असते, कुणाशी बोलत नाही. आपल्या तालुक्यात यंत्र आलं तर तिचा अर्धा जीव वाचेल. तू हे मनावर घेतलंस याचा मला किती अभिमान आहे ते मला लिहिता येणार नाही. पण बाय, लोकांनी पैसे दिले की माणसाला मागे फिरायची लाज वाटते. हे मी भोगलंय.

तू तिसरीत होतीस. त्या मोसमात मी व्यापाऱ्याची उचल घेतली होती. दुपारी वारा फिरला, जुना खलाशी म्हणाला, "तांडेल, वळवा." मला कळत होतं वळवायला हवं. पण डोक्यात उचलीचा आकडा होता. आणखी एक डोल मारू म्हणालो. जाळी गेली ती गेलीच, पण त्या खलाशाचा हात दोरात सापडला आणि दोन बोटं गेली. पुढे तो कधी मला एका शब्दाने बोलला नाही. आजही तो बाजारात भेटला की माझी नजर आधी त्याच्या हाताकडे जाते.

तुमचा नियम तू आईला सांगितलास, सोबतच्या बोटीला हात लागला की पोहणं बाद. लागू दे. ओठ निळे पडले, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागलीस, तर तू नको म्हणालीस तरी मी तुला वर ओढणार आहे. तेव्हा माझ्याशी भांडू नकोस. तुझ्या भिंतीवर आरती साहाचा फोटो होता, तूच मला सांगायचीस. 1959 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीत त्यांना पलीकडे न पोचताच बाहेर यावं लागलं आणि सप्टेंबरअखेर त्यांनी तीच खाडी पार केली.

एक काम मात्र आजच कर. ज्यांनी पैसे दिलेत त्या सगळ्यांना कळव, की मी गेटवेला पोचले नाही तरी पैसे यंत्रालाच जातील. ज्याला ते पटत नसेल त्याने खुशाल परत घ्यावेत. जमलेला पैसा तुझ्या खात्यावर ठेवू नकोस, थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ दे आणि पावती ज्याची त्याला मिळू दे. हिशेब मोकळा असला की पाण्यात डोकं मोकळं राहतं.

मी बोटीवर येतोय. तुमचे लोक म्हणतील म्हाताऱ्याला कशाला घेता, तू सांग की ते पाणी यांनी चाळीस वर्षं पाहिलंय. पुढे बसेन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. आईचा संकष्टीचा उपास. चंद्रोदयाला ती तो सोडेल आणि मग आम्ही टेम्पोने धरमतरला येऊ. थर्मासमध्ये तांदळाची पेज घेणार आहोत. पोहताना तुला ती पातळ चालते की अगदी निवळ, आणि मीठ किती, ते आईला फोन करून सांग.

तुझा,
बाबा