वास येत नाही म्हणून थांबू नका: विहिरींच्या पाणी तपासणीसाठी आवाहन

सर्वांना नमस्कार.

इंधनाच्या जुन्या भूमिगत टाक्यांच्या आसपासच्या विहिरी आणि बोअरवेलचे पाणी तपासून घ्यायचे आमच्या पाणी समितीने ठरवले आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. पैसे हवेत, हात हवेत, आणि सगळ्यांत आधी तुमच्या विहिरीवर येण्याची परवानगी हवी.

"पाण्याला पेट्रोलचा वास नाही, तवंग नाही, मग तपासायचे कशाला?" असे बरेच जण विचारतात. आम्हाला खरी काळजी याच समजुतीची वाटते. पेट्रोलमधल्या बेंझीनमुळे कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्यातल्या बेंझीनचा वास मात्र लिटरला साधारण 10 मिलिग्रॅम झाल्यावर जाणवतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपटीला! इंधनातली काही द्रव्ये त्याआधी वास देतात, पण त्यांच्या भरवशावर मुलांना पाणी कसे पाजायचे? उकळणे हाही उपाय नव्हे. उकळताना बेंझीन उडते आणि बंद स्वयंपाकघरात श्वासावाटे फुप्फुसात जाते.

टाकी किंवा पाइप गळू लागला की पेट्रोल जमिनीत झिरपते आणि भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते. त्यातली बेंझीन, टोल्यूइन, झायलीन ही द्रव्ये पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकतात. भेगाळ खडकात ते कुठल्या दिशेला जातील, हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून टाकीपासून लांबच्या विहिरीही आम्ही यादीत घेतल्या आहेत. पाणीपातळी वर असताना आणि खाली गेल्यावर आकडे बदलतात, त्यामुळे एकदाच तपासून भागणार नाही.

खर्च जास्त येतो तो प्रयोगशाळेचा. ही द्रव्ये मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजायचे यंत्र) लागतो, नेहमीच्या पाणी तपासणीत ती कळतच नाहीत. नमुनाही जपून घ्यावा लागतो. आधी साचलेले पाणी उपसायचे, मग काचेची छोटी बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये. बाटली लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायची. नमुना टिकावा म्हणून त्यात अॅसिड घालतात, तरीही तो 14 दिवसांच्या आत तपासावा लागतो. शिवाय शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत न्यायची आणि तीही तपासायची, म्हणजे वाटेत किंवा गाडीत काही मिसळले असेल तर कळते. हा जादा खर्च वाटेल, पण त्याशिवाय अहवालावर कुणी बोट ठेवले तर आपल्याकडे उत्तर नसेल.

देणगी कितीही लहान असो, पावती मिळेल आणि हिशेब सर्वांसमोर मांडला जाईल. रसायनशास्त्र शिकलेले तरुण, बर्फपेटी किंवा गाडी देऊ शकणारे, जुन्या टाक्या कुठे पुरल्या होत्या हे आठवणारे ज्येष्ठ, सगळ्यांनी कळवावे. अहवाल आधी विहीरमालकाच्या हाती दिला जाईल. दोष आढळला तर पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय होण्यासाठी प्रशासनाकडे पाठपुरावा समिती करेल.

नाव नोंदवताना विहिरीची खोली आणि ती कशासाठी वापरता ते सांगा. नमुना घेण्याच्या आधी काही दिवस विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू नका, आणि त्या दिवशी काठावरचे डिझेल इंजिन बंद ठेवा.

आपली,
पाणी समिती